दादांच्या डबीतल्या दोन गोळ्या

मित्रहो, कामगारांचा नेता म्हणून एकेकाळी मिलच्या गेटवर तासतासभर बोलणारा मी आज एका गोळीपुढे अडखळलो.

मोठ्या भावाला, दादांना, सकाळी चक्कर आली. त्यांच्या तंबाखूच्या डबीत दोन वेगवेगळ्या औषधांच्या, पण सारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या. मिलच्या दवाखान्यात गोळ्या सुट्या मिळत. मिल बंद होऊन जमाना झाला, पण त्या सवयीने दादा अजून स्ट्रिप फाडून गोळ्या डबीतच भरतात.

"दादा, बीपीची कोणती?"

"नेता तू, तूच सांग!"

डबी दाखवली तर मेडिकलवाला म्हणाला, "भिया, बिना स्ट्रिप के मैं नहीं बताऊंगा."

डॉक्टर फोनवर म्हणाले, "अंदाजाने काही देऊ नका, त्यांना घेऊन या."

दादांना लगेच दवाखान्यात नेलं, आता ते बरे आहेत. पण कामगारांना हक्क समजावणाऱ्या मला भावाच्या गोळीचं नाव ठाऊक नव्हतं. तुम्हाला घरच्यांच्या गोळ्यांची नावं ठाऊक आहेत?