पेडणेकरांच्या पिनबॉलचं वायरिंग

एखादं काम ठरल्यासारखं पार पडलं, तर त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. आमच्या पिनबॉल मशीनची एक वायरसुद्धा ठरल्यासारखी लागली नाही. त्यामुळे आम्ही जुने तिघं कुणाच्या लग्नात भेटलो, की हॉलवाले खुर्च्या उचलायला लागतात, तरी आमचं चालूच! आणि सांगायला मला पुढे करतात. म्हणे, "मंदाबाई तिखटमीठ लावत नाहीत."

तिघं म्हणजे पेडणेकर, पुंडलिक आणि मी. ऐंशीच्या दशकात अंबरनाथला एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरचा एक छोटा कारखाना होता, तिथे आम्ही कामाला. पेडणेकर फोरमन, राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. पुंडलिक मेंटेनन्सला, जांभूळ गावचा. मी वाइंडिंगला. म्हणजे दिवसभर वेढे मोजत तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायच्या.

*

पेडणेकर एकदा मुंबईत कुठल्याशा क्लबात ट्रान्सफॉर्मर बदलायला गेले आणि तिथे त्यांनी पिनबॉल बघितलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये डबा उघडायच्या आधीच सुरू!

"उतरतं टेबल, वर काच. आत लोखंडी गोळी सोडायची. खाली दोन पट्ट्या, त्यांना फ्लिपर म्हणतात. बटण दाबलं की पट्टी फाटकन उडते आणि गोळीला वर मारते. गोळी खांबावर आपटली की दिवा, घंटी, पॉइंट! आणि हे सगळं हलवतं कोण? कॉइल! आपलीच कॉइल!"

तेवढ्यात मालक शहासाहेब आले. पेडणेकर उभे राहून म्हणाले, "साहेब, दसऱ्याला सगळ्यांच्या घरची मंडळी कारखाना बघायला येतात. त्यांच्यासाठी आपण असं मशीन बनवू."

शहासाहेब म्हणाले, "पेडणेकर, कॉइल बनवणं वेगळं, वायरिंग वेगळं. तुमच्या घरची बेल वाजते का?"

सगळी कँटीन हसली. साहेब एकदा कात्रपला त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा बेल दाबून दाबून शेवटी दारातून हाका मारल्या होत्या.

त्याच संध्याकाळी पेडणेकरांनी स्टूल घेतलं आणि बेल उघडली. वहिनींना वाटलं, चला, तीन वर्षांनी मुहूर्त लागला! पेडणेकरांनी आतली कॉइल काढून खिशात घातली आणि म्हणाले, "हा आपला पहिला फ्लिपर!"

*

बाकीचा माल घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. मी तिथेच राहायचे, त्यामुळे दुकानं माझ्या माहितीची. किशनशेठ नावाचे एक सिंधी गृहस्थ जुना इलेक्ट्रिक माल विकायचे. मोडीत निघालेल्या टेलिफोन एक्सचेंजचे, कॉइलने पत्ती ओढून करंट जोडणारे रिले, दिवे, आकडे फिरणारी मीटरं, सगळं पोत्यात भरलेलं. माणूस मोठा हौशी. गिऱ्हाइकं सोडून आमच्यासाठी एकेक रिले बॅटरीला लावून बघत बसला. "टिक बोलेगा तो आपका, नहीं बोलेगा तो मेरा!"

मग त्यांनी आतून एक कॉइल आणली, कापडात गुंडाळलेली. "ये देखो साईं, बाहर का माल. इम्पोर्टेड. ऐसा वाइंडिंग इधर कोई करताच नहीं."

मी कॉइल हातात घेऊन फिरवली. टेपवर निळ्या शाईत शिक्का होता, १४. आमच्याकडे प्रत्येक बाईला नंबर होता. चौदा म्हणजे मी! रिजेक्ट माल भंगारात जायचा, तो असा फिरून समोर आला होता. ही कॉइल रिजेक्ट झाली म्हणून मला वाईट वाटलं, आणि त्यांनी केलेलं कौतुक ऐकून बरंही वाटलं.

म्हटलं, "शेठ, ये चौदह नंबर मैं हूँ. ये मैंने बनाया है."

किशनशेठनी कॉइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हात जोडून म्हणाले, "अच्छा! तो बहनजी, आप बाहर से आए हो?"

*

मशीन उभं राहिलं ते पेडणेकरांच्या बाहेरच्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथे जमायचो. पहिल्यांदा फ्लिपरला करंट दिला तेव्हा पट्टी अशी उडाली, की पेडणेकर बटण सोडेचनात. "बघा, कशी धरून ठेवलीय!"

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अगं बाई, आमटी लागली वाटतं!" त्या गॅस बंद करून आल्या, तरी वास येतच होता. मग मशीनमधून धूर निघाला.

कॉइल जळाली. दुसरी लावली, तीही जळाली. पेडणेकर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साहेबांचं बरोबर होतं. आपलं हे काम नव्हे."

मला ते ऐकवेना. इतकी वर्षं मी कॉइल गुंडाळत होते, पण माझी कॉइल पुढे जाऊन काय करते, हे मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं होतं. उडी मारली होती तिने! घरी जाऊन मी कागद घेऊन बसले. पट्टी उचलायला जोर लागतो, पण उचललेली नुसती धरायला एवढा कशाला? म्हणून आधी जाड तार, थोडे वेढे. पट्टी वर पोचली की तिनेच स्विचची एक पत्ती ढकलायची, म्हणजे बारीक तारेचे पुष्कळ वेढे मध्ये येतात आणि करंट कमी होतो. पुढच्या दोन दिवसांत जेवणाच्या सुट्टीत मी तशी कॉइल गुंडाळली.

पेडणेकरांनी बटण दाबून धरलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कॉइल नुसती कोमट. वहिनी बाहेर आल्या, त्यांनी हात लावून बघितला आणि मला म्हणाल्या, "मंदाताई, आता आमच्या कुकरचंही जरा बघा!"

*

वायर आम्हाला एकाच रंगाची मिळाली होती. दोनशे-अडीचशे तुकडे, सगळे लाल! कुठली कुठे गेलीय ते कळेना. मी म्हटलं, नंबर घालू. पुंडलिक म्हणाला, "नंबर माझ्या ध्यानात नाय राहात. मानसं राहतात." आणि त्याने प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधून गावातल्या माणसांची नावं लिहिली. डाव्या फ्लिपरला गणपतदादा, घंटीला सखूआत्या, दिव्यांना पाटलांचं अख्खं कुटुंब.

एकदा डावा फ्लिपर दाबला की घंटी वाजायला लागली. मी खाली वाकून करंट तपासायचा मीटर लावला आणि ओरडले, "पुंडलिक, गणपतदादा आणि सखूआत्या एकमेकांना चिकटलेत!"

तो पलीकडून ठामपणे म्हणाला, "शक्यच नाय. बारा वर्सं झाली, त्यांचं बोलनं नाय!"

*

खेळणाऱ्याने टेबल ढकलून लबाडी करू नये म्हणून आत एक वजन टांगलेलं असतं, सभोवती पितळेची कडी. टेबल हललं की वजन कडीला लागतं आणि खेळ बंद. याला टिल्ट म्हणतात.

आमचं टिल्ट सारखं लागायचं. पेडणेकर खेळायला उभे राहिले की दोन मिनिटांत सगळं बंद! "वायरिंगमध्ये फॉल्ट आहे," ते म्हणाले. आम्ही दोन सुट्ट्या घालवून एकेक जोड उकलून बघितला. मी खेळले की ठीक, पुंडलिक खेळला की ठीक. पेडणेकर उभे राहिले की बंद.

शेवटी वहिनी कणीक मळता मळता दारात आल्या, मिनिटभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पोट जरा मागे घ्या!"

*

दसऱ्याच्या सकाळी मशीन टेम्पोतून अंबरनाथला आणलं. शेडमध्ये सगळ्या मशीनांना हार, त्यात आमचंही. बायकामुलं रांग लावून उभी. प्लग लावला. दिवे लागले, फ्लिपर उडाले, पण गोळी खांबावर आपटली तरी मीटरचा आकडा ढिम्म हलेना!

पुंडलिकचं डोकं खोक्यात आणि पाय बाहेर. पेडणेकरांचा नवा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. शहासाहेब नुसते घड्याळ बघत होते. तेच जास्त लागत होतं.

आमचे नेहमीचे गुरुजी गावाला गेले होते, म्हणून त्या वर्षी दुसरेच आले होते. बारीक अंगाचे, सत्तरीच्या घरातले. पूजा मांडून ते पाटावर वाट बघत होते. ते उठले आणि मशीनपाशी आले.

"ती गोळी जरा हाताने आपटा पाहू."

मी आपटली. गुरुजींनी कान लावला. "पुन्हा." मी पुन्हा आपटली.

"रिले ओढतोय. कॉन्टॅक्ट धरत नाहीये. डावीकडून चौथा किंवा पाचवा असेल."

पेडणेकर म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला कसं कळलं?"

"टेलिफोन एक्सचेंजला होतो हो, रिटायर होईपर्यंत," ते म्हणाले. "प्लग काढा आधी."

मी पॉलिशपेपर पुढे केला. ते म्हणाले, "छे! त्याने वरची चांदी खरवडली जाईल. कोरा, कडक कागद पाहिजे." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. पूजेत विड्यावर साहेबांनी नवी कोरी नोट ठेवली होती. गुरुजींनी ती उचलली, रिलेच्या दोन पत्त्यांमध्ये सरकवली, दोनदा अलगद ओढली. "लावा प्लग."

मी गोळी सोडली. खांबावर आपटली. खट्! आकडा पुढे सरकला. पुन्हा आपटली, पुन्हा खट्! सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली. पेडणेकरांनी रुमाल काढला, घाम पुसायच्या निमित्ताने डोळेही पुसले.

गुरुजींनी हात धुतले, पाटावर बसले, आचमन केलं. मग दोन काळे ओरखडे उठलेली ती नोट त्यांनी शहासाहेबांपुढे धरली.

"एवढी बदलून द्या. पूजेला कोरी लागते."