उलट्या घडीची सांबारवडी

गच्चीच्या पायऱ्या उतरताना बायको पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. किती दिवस, असं विचारलं की ते म्हणत, "पुढच्या एक्स-रेत बघू." त्या 'बघू'नं आम्हा दोघांचंही डोकं फिरलं होतं. ती पलंगावर, आणि मी सिंदी मेघेतल्या आमच्या घरात पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझारा घालतोय. नोकरीतून निवृत्त होऊन मला फार काळ झाला नव्हता. वेळेचं काय करावं हे आधीच कळत नव्हतं, त्यात सगळा स्वयंपाक अंगावर आला.

बायको जन्मात कधी एका जागी बसलेली नव्हती. आता ती पलंगावरून नुसत्या वासावर स्वयंपाक चालवायची. "जिरं जळून राह्यलं," असं ऐकू यायचं आणि मी पाहिलं तर खरंच जिरं काळं पडलेलं असायचं. दुपारी ती छताकडे बघत राही, मधूनच चादरीची घडी घालून ती परत मोडे. शेवटी पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं बायकोच्या मोबाइलवर गोष्टी ऐकायचं एक अ‍ॅप टाकून दिलं.

त्यात तिला एक मालिका सापडली. एका डोंगराळ गावात खानावळ चालवणारी विधवा बाई, आणि प्रत्येक भागात एक खून. पोलिसांना काही सुधरत नाही, आणि ही बाई कणीक मळता मळता गुन्हेगार शोधून काढते. कुणी किती खाल्लं, कुणी ताटात काय टाकलं, कुणाच्या हाताला कसला वास आला, एवढ्यावरून.

"एवढे मुडदे पडते या गावात, तरी लोक जेवाले येतेच कसे?" बायको म्हणाली. पण मोबाइल बंद केला नाही.

मला आधी हे सगळं पोरकट वाटलं. मग भाजी चिरताना पलीकडच्या खोलीतला आवाज कानावर पडू लागला आणि माझा हात थांबू लागला. त्या गोष्टींत माणूस मरायचा, पण भीती वाटायची नाही. खून झाला तरी खानावळीतली चूल पेटलेली असायची, आणि शेवटी कुणीतरी सरळ सांगायचं की हे असं असं झालं, यानं केलं. कुणी 'बघू' म्हणायचं नाही. आमच्या घरात तर कुणी मेलं नव्हतं, तरी जेवण वेळेवर होत नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी फाटकाला पिशवी लटकलेली दिसली. आत आइस्क्रीमचा जुना डबा, आणि त्यात डाळीचे गोळे घालून केलेला गरम गोळाभात. मी समोरच्या घरी आभार मानायला गेलो, तर त्या बाई म्हणाल्या, "मी नाई जी. मले तर आज उपास हाये." मी ओशाळून परतलो. बायकोचे डोळे मात्र पहिल्यांदाच चमकले. "थांबा," ती म्हणाली, "शोधू."

पुढच्या गुरुवारी पुन्हा पिशवी. या वेळी स्टीलचा डबा, आणि त्यात सांबारवड्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. तिचं सारण पारीत भरून, पाकिटासारखी घडी घालून तळलेल्या या वड्या. मी एक उचलून तोंडात टाकणार, तेवढ्यात तिनं मनगट धरलं.

"खाऊ नका. पाहा आधी."

मी पाहिलं. वडीसारखी वडी होती.

"घडी कोन्त्या बाजूनं हाये?"

"आता घडीले काय बाजू असते?"

तिनं मला रुमाल आणायला लावला आणि घडी घालून दाखवली. उजव्या हातानं करणाऱ्याचा वरचा पदर एका बाजूनं येतो. या वड्यांचा बरोबर उलट्या बाजूनं आला होता, एकूण एक वडीचा. "डावखुरीचं काम हाये," ती म्हणाली. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात डावखुरी एकच होती, नाचणगावची, माझ्या धाकट्या भावाची बायको.

चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, घरी कुणी आलं नाही. "मी काय ग्रुपातली हाये का?" असं म्हणून बायको लग्नाला गेली नाही, आणि ती नाही म्हणून मीही नाही. त्यानंतर ना सण, ना फोन.

सरळ भावाला फोन करावा असं मला वाटलं. नाहीतर पुढच्या गुरुवारी फाटकामागे खुर्ची टाकून बसावं आणि तिला रंगेहाथ पकडावं.

"पकडून काय करान?" बायको म्हणाली. "चोर हाये का ते? डबा रिकामा नाई जात, एवढंच पाहा. चिवडा करा."

मी मुरमुऱ्याचा चिवडा करायला घेतला. ती पलंगावरून सांगत होती आणि शेजारी मोबाइल चालू होता. खानावळवाली बाई सगळ्यांना समोर बसवून खुन्याचं नाव सांगायच्या बेतात होती. माझा एक कान कढईकडे, एक तिकडे. खुनी निघाला गावचा सभ्य औषधवाला. गुरुवारी सकाळी भरलेला डबा फाटकाला टांगला. बायकोचं अंग पुसून बाहेर येईतो डबा गेला होता.

दुपारभर मला बसवेना. संध्याकाळी फोन वाजला.

"भाऊजी, चिवड्यात मीठ नाई."

चार वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि पहिलं वाक्य हे. "राह्यलं वाटते," मी म्हणालो.

"ताईनं चाखला नाई?"

"तिले तळकट बंद हाये सध्या."

मग ती म्हणाली, "उद्या येतो मी. तुमी काई करू नका."

ती आली. नाचणगावहून बसनं, हातात भाजीची पिशवी. बायकोच्या पायाकडे बघून आधी डोळे पुसले आणि मग सरळ स्वयंपाकघरात शिरली. दर गुरुवारी ती इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात येत होती, आम्हाला पत्ता नव्हता; बायको पडल्याचं तिला तिथंच कळलं होतं. जेवताना बायकोनं विचारलं, "गोळाभातही तुयाच होता ना?"

"कोन्ता गोळाभात? मी तं वड्याच आनल्या."

बायकोचा चेहरा उतरला. गोष्टीतल्या बाईचं असं कधी अर्धं चुकत नसे. तो भात कुणाचा, हे आम्हाला आजही माहीत नाही. बायको अजून अधूनमधून गल्लीतल्या एकेकीवर संशय घेते.

मग पत्रिकेचा विषय निघालाच. निघायला नको होता असं मला वाटत होतं, मी दोनदा पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. "लग्नघरी माणूसबळ नव्हतं," भावाची बायको म्हणाली. "तुमी मोठ्या, तुमी येऊन उभ्या राह्यच्या होत्या."

"बलावल्याशिवाय?"

"घरच्यांले बलावा लागते का?"

दोघींचे आवाज चढले. ती पिशवी उचलून निघाली, चहासुद्धा न घेता. बायको भिंतीकडे तोंड करून पडली. मी पुन्हा दारादारात येरझारा घालू लागलो, आता सगळं कायमचं संपलं म्हणून.

पुढच्या गुरुवारी ती आली तेव्हा फाटकाशी थांबली नाही, सरळ आत आली. बायकोनं मोबाइल पुढे सरकवला आणि म्हणाली, "बस. नवा भाग लागला. आचारी मेला हाये."

तिनं पदरानं घाम पुसला, पाय वर घेऊन पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "पयलेपासून लावा."