काळ्या चिंधीचा रविवार

त्या रविवारी सकाळपासूनच आभाळ पांढरंफटक होतं. ढग नाही, वारा नाही. मधूनच फुफाटा उठायचा आणि जागच्या जागी बसायचा. लिंबाखाली बसूनही अंग भाजत होतं. बहात्तरचा दुष्काळ. पावसाचे महिने कोरडेच सरले होते. त्या रविवारी काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्याच्या आधीचं ऐका, नाहीतर मी का घाबरलो होतो ते कळायचं नाही.

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायचो. मापाची खडी उचलून नेली जायची आणि बारीक चुरा तिथंच पडायचा. काही महिन्यांत चुऱ्याचाच ढीग मोठा झाला! माझ्याकडच्या गोष्टींचं तसंच आहे. मला अक्षर येत नाही. मी सावकाश बोलतो, सून लिहून घेते.

* * *

आमच्या गावात ख्रिस्ती घरं पंधरा-वीस. आम्हा गड्यांपैकी कोणालाच धड वाचता येत नव्हतं. म्हणून दर रविवारी भक्तीनंतर मार्थाबाई आमचा वेगळा वर्ग घ्यायची. बाया मागं बसून ऐकायच्या. मार्थाबाई म्हणजे बायबलबाई. गावोगाव पायी फिरून शास्त्र शिकवणारी. पांढरं लुगडं, काळी छत्री आणि आवाज असा की लिंबावरचा कावळा उडावा.

पहिल्याच वर्गात तिनं पाच चिंध्या काढल्या. काळी म्हणजे पाप. तांबडी म्हणजे प्रभूचं रक्त. पांढरी म्हणजे धुतलेलं मन. हिरवी म्हणजे विश्वासात वाढणं. पिवळी म्हणजे स्वर्ग. "झालं," बाई म्हणाली. "शास्त्राचे मुख्य विषय एवढेच."

याकोब आमच्यातला तोंडाळ. तो म्हणाला, "बाई, एवढं जाडजूड शास्त्र, अन् पाच चिंध्यांत बसलं?"

"शास्त्र नाही बसलं. तुझ्या डोक्यात बसेल तेवढं फाडून आणलंय!"

एकेक चिंधी एकेकाला मिळायची. ती आठवडाभर जवळ बाळगायची, तिच्यावर विचार करायचा आणि पुढच्या रविवारी उभं राहून बोलायचं. पहिल्यांदा हिरवी आली शांतवनला. शांतवन माझा शेजारी. त्याच्या माझ्या घराला भिंत एकच. त्यानं ती चिंधी डोळ्यांसमोर धरली, मग रानाकडं बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "गावात हिरवं एवढंच ऱ्हायलंय. जपून ठिवतो."

* * *

काळ्या चिंधीचा नियम वेगळा होता. ती ज्याच्याकडं असेल त्यानं सगळ्यांसमोर स्वतःचं एक पाप सांगायचं. खरं, आणि अलीकडचं.

पहिली पाळी याकोबची. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि त्याच्या मेव्हण्यानं रानातला बांध कसा कोरला ते सुरू केलं. आम्ही रंगून ऐकत होतो.

बाईनं छत्री आपटली. "याकोब! स्वतःचं पाप!"

"सांगतो की. पर बायकांना आदी घरी जाऊ द्या."

बाया हसल्या, याकोबची बायको सोडून. ती पुढं सरकून बसली आणि म्हणाली, "बोला. मी कुटं बी जात न्हाई!"

आम्ही हसून लोळलो. पण घरी जाताना जो तो आपापली पापं मोजत होता. आज ना उद्या काळी चिंधी आपल्या हातात येणार, हे प्रत्येकाला कळलं होतं.

* * *

एकदा बाईनं न्यायाच्या दिवसाचं चित्र आणलं. मधे सिंहासन. उजवीकडं मेंढरं, डावीकडं शेरडं. मेंढरं स्वर्गात जाणार, शेरडं आगीत.

माझ्याकडं तेव्हा एक शेळी होती. मला राहवेना. मी विचारलं, "बाई, शेरडांनी असं काय केलं?"

"ती शेरडं म्हणजे माणसंच आहेत, तात्या. त्यांनी भुकेल्याला भाकर दिली नाही. तान्हेल्याला पाणी दिलं नाही."

पाणी म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले. गावची विहीर आटून दोन महिने झालेले. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर. पाणी कोण कोणाला देणार?

घरी गेलो तर शेळी माझ्याकडं टक लावून बघत होती. मी गुपचूप तिचं दावं सोडलं आणि तिला दाराच्या उजव्या अंगाला बांधलं. बायको बघत होती.

"हे काय?"

"काय न्हाई. उजवीकडं बरी."

"उजवीकडं कुनाच्या?" ती म्हणाली. "आत जाताना ती तुमच्या उजवीकडं, भाईर येताना डावीकडं!"

मला रात्रभर झोप नाही.

* * *

खडीच्या कामावर दुपारच्या सुट्टीत आम्ही सुकडी खायचो, सरकारातून आलेला गोड भरडा. मुकादम ती मापानं वाटायचा. त्या आठवड्यात पिवळी चिंधी याकोबकडं होती. स्वर्गात जायच्या आधी काय होईल ते तो आम्हाला रंगवून सांगत होता. दुष्काळ पडेल, धरणी कापेल, कर्णा वाजेल. मुकादम पलीकडं बसून बिडी ओढत होता. तो आमच्यातला नव्हे, पण कान इकडंच.

याकोबनं हात वर केला. "अन् येकाएकी..."

धडाम्!

पलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला होता. रोजचाच, पण त्या दिवशी शिट्टी द्यायची राहिली असावी. आम्ही सगळे पालथे. अंगावर माती पडली. धुरळ्यातून आवाज आला, "चुकलो रे बाबा! सुकडीचं माप मारत हुतो! न्हाई मारनार आता!"

धुरळा बसला. मुकादम गुडघ्यावर, हात जोडलेले, बिडी तशीच ओठांत.

त्यानं धोतर झटकलं. "मी काय तुमच्या देवाला म्हनलो न्हाई," तो म्हणाला.

पण दुसऱ्या दिवसापासून माप शिगोशिग भरायला लागलं!

* * *

आता माझं सांगतो.

एका दुपारी बायको तापानं फणफणली होती. पाणी पाणी करत होती. आमचा रांजण पालथा घातला तरी वाटीभर निघेना. टँकरचा पत्ता नाही. मी शेजारी डोकावलो. शांतवन कामावर, त्याची बायको सुवार्ता शेण वेचायला गेलेली. पडवीत रांजण, अर्ध्याला भरलेला. मी एक कळशी भरली आणि घरी आणली. मनात म्हटलं, टँकर आला की तेवढंच परत ओतू. सांगायचीसुद्धा गरज नाही.

टँकर तीन दिवस आला नाही.

पाणी नेलं त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडं शांतवनचा आवाज चढला. "पानी कुनाला दिलंस? येवडं पानी कुटं गेलं?" सुवार्ता रडून सांगत होती, की मी थेंब कोणाला दिला नाही. तिला पाचवा महिना होता. मी भिंतीला पाठ लावून बसलो. उठावं, जावं, सांगावं, असं हजारदा वाटलं. पण शांतवन खाणीत घण मारायचा. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा. मी उठलोच नाही.

सकाळी सुवार्ता बोचकं घेऊन एस.टी.त बसली आणि माहेरी गेली, श्रीरामपूरकडं. आठवडा झाला, दुसरा झाला. ती आली नाही, हा आणायला गेला नाही. गावात बाया बोलायला लागल्या, नवऱ्याच्या घरचं पाणी वाटणारी म्हणून. आणि खरं काय ते माझ्या एकट्याच्या पोटात.

* * *

आणि मग काळी चिंधी माझ्याकडं आली.

बाईनं ती माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा हाताला चटका बसल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "ती घरात न्हाई आनायची. आदीच का कमी इडापीडा हाय?" म्हणून मी ती दाराबाहेर खुंटीला अडकवली. झोपताना भीती, उठताना भीती. शांतवन सकाळी "चला, तात्या" म्हणायचा, तरी मला घाम फुटायचा. शनिवारी कामावरून आलो, तर खुंटी रिकामी. खाली शेळी रवंथ करत होती, तोंडातून काळा दोरा लोंबत होता.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. चिंधी नाही तर बोलायचं नाही! मी तसाच मार्थाबाई उतरली होती तिथं गेलो.

"बाई, पाप शेळीनं खाल्लं."

बाई हसली नाही. तिनं पिशवीतून कात्री काढली, स्वतःच्या छत्रीचा एक कोपरा कापला आणि माझ्या हातात ठेवला.

"पाप असं संपत नाही, तात्या. उद्या या."

* * *

तर तो रविवार. पांढरं आभाळ, फुफाटा, लिंबाखाली सगळा वर्ग. शांतवन माझ्यापासून दोन हातांवर.

बाईनं माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. छत्रीचा तुकडा मुठीत घामानं भिजला होता. न्यायाच्या दिवशी असंच उभं राहावं लागणार, एवढंच डोक्यात आलं. आणि सुवार्ताचं रडणं.

"शांतवनच्या रांजनातलं पानी मी नेलं," मी म्हणालो. "कळशीभर. सुवार्तानं कुनाला थेंब दिला न्हाई. मी नेलं, अन् मी गप बसलो."

शांतवन खाली मान घालून काडीनं माती उकरत होता. बाईनं प्रार्थना केली. तिचा एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. मी शांतवनच्या हातांकडं बघत होतो.

वर्ग उठला. मी घराकडं निघालो तसा तो मागून आला. त्याची पावलं ऐकू येत होती. वाटतच होतं, आता खांद्यावर हात पडेल, आता पाठीत बसेल. पळायचं माझं वय नव्हतं. माझ्या दारापाशी तो अगदी जवळ आला, इकडं तिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"तात्या, पानी तुमी नेलं हे मला त्याच दिवशी ठावं हुतं. माझ्या रांजनापासनं तुमच्या उंबऱ्यापतुर फुफाट्यात थेंबांच्या खुना हुत्या. तिला नुसतं जा म्हनलो असतो, तर मला सोडून ती गेली नसती. तिच्या म्हायेरी पाटाला पानी हाय, म्हनून भांडान उकरून काढलं. आता तुमचं हे बोलनं तिच्या कानावर जाईल, अन् ती मिळंल त्या एस.टी.नं माघारी येईल. मग तिला पाजू काय मी?"