पहिलं भजं

शहाद्याच्या मशिदीजवळ तो संध्याकाळी भजी तळायचा. रमजानात घाण्यातलं पहिलं भजं माझ्या हातावर ठेवून म्हणायचा, "भाऊ, मीठ देखी ल्या. मन्हा रोजा शे, आते तुमनीच जीभ मन्ही."

एकदा फोनच्या नादात मी न चाखताच "बरोबर शे" म्हणालो. घरी येऊन ते भजं खाल्लं, तर मीठ दुप्पट. तेवढ्यात अजान झाली. त्याच भज्यांनी लोक रोजा सोडत असणार. तरी मी परत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला खरं सांगितलं. तो हसला. "दिनभरना उपाशी मानूसले काय खारं नि काय आळनी!" आणि त्याने पहिलं भजं पुन्हा माझ्याच हातावर ठेवलं.

मी सावकाश चावत राहिलो. तो झारा धरून उत्तराची वाट पाहत होता, आणि मला मीठ कळतच नव्हतं.