चार मुठी हाताशी

तापलेल्या यंत्राचा वास आला की माझा मूर्खपणा आठवतो. किन्हवलीच्या टेलिफोन केंद्रात मी नवी तंत्रज्ञ, हातात पेचकस आणि डोक्यात हवा. तारेवरून मागेपुढे येणारे आवाजाचे तुकडे क्षणभर साठवून एका लयीत सोडणारं कार्ड मी 'उगाच वेळ खातं' म्हणून वगळलं. डोळखांबची एक आई वीटभट्टीवरच्या बाळंतीण लेकीचा फोन घ्यायला आली, तर फोनात नुसती खटखट. तिचा चेहरा बघून मी कार्ड परत जोडलं. लेकीने पुन्हा फोन केला, तान्ह्याचं रडणंसुद्धा स्वच्छ आलं. मग मी तिला कार्डाचं काम आणि माझी चूक सांगितली. डोळे पुसत ती हसली, "एवढी शिकलीस, पन भाताच्या आवणीला कधी वाकली नायस वाटतं! रोपांच्या मुठी मागंपुढंच येतात गो; चार हाताशी ठेवल्या, की हात थांबत नाय."