ताराक्का, सहावी आणि सॉफ्टवेअर

शाळेत कॉम्प्युटर आले की किस्से शोधत हिंडावं लागत नाही, चहा थंड होईस्तोवर तीन जमतात. आमच्या नजरबादच्या शाळेतले निम्मे तर एकट्या ताराक्कांचे!

ताराक्का आमच्या गणिताच्या बाई. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. रिटायर व्हायला एक वर्ष उरलं आणि वरून हुकूम आला: गणित आता सॉफ्टवेअरवर. ज्यांना जमणार नाही त्यांचा वर्ग दुसऱ्याकडे. "सहावी सोडून लायब्ररीत बसू काय गं?" म्हणताना अक्कांचे डोळे भरले. लॅब मी सांभाळते, मलाही फार वाईट वाटलं.

*

पहिल्या दिवशी अक्कांनी हजेरी घेतली. मुलांची नव्हे, कॉम्प्युटरांची!

"नंबर चार?"

"ॲबसेंट मिस, माउस नाही!"

रजिस्टरात लाल शेरा पडला: पालकांना बोलावणे. दुपारी मला बोलावणं आलं.

*

दसऱ्याच्या सुट्टीआधी लॅबची आयुधपूजा झाली. अक्कांनी प्रत्येक कॉम्प्युटरला माळ घातली, कॅमेऱ्यावर ठसठशीत गंध लावलं. नंतर अक्कांचं ऑनलाइन ट्रेनिंग. पडद्यावरचे सर म्हणाले,

"मॅडम, तुम्ही दिसत नाही. नुसतं पिवळं दिसतंय."

"अय्यो, पूजा केलीय सर! विजयादशमीपर्यंत पुसायचं नसतं, अल्वा, हो ना?"

*

पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की सॉफ्टवेअर आपोआप बंद पडायचं. अक्का तर फळ्यावर समजावण्यात रंगलेल्या. मग त्यांनी एका मुलीला 'कॉम्प्युटर लीडर' नेमलं. तिचे वडील पेढे घेऊन आले.

"लीडर म्हणजे ती नक्की काय करते, मिस?"

"माउस हलवते."

*

सहामाहीला रिपोर्ट आला. अक्कांची सहावी अख्ख्या तालुक्यात तळाला! वहीत मात्र तीच मुलं फटाफट गणितं सोडवत होती.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर नुसती हिरवी खूण. चुकलं की एक हत्ती घसरून चिखलात धपकन पडतो. मुलं मुद्दाम चुकत होती!

आठवड्याभरात शिक्षण खात्याच्या ऑफिसातून साहेब आले, अक्कांच्या वर्गाचा निकाल लावायलाच. अक्कांनी हत्तीचं सांगितलं.

"असल्या सबबी नकोत," साहेब म्हणाले. "मी स्वतः तपासतो. सगळे बाहेर!"

आम्ही शेजारच्या खोलीत गेलो. तिथल्या माझ्या मशीनवर लॅबमधला प्रत्येक पडदा दिसतो. अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता.

सात गुणिले आठ? साहेबांनी लिहिलं, छप्पन्न. हिरवी खूण.

नऊ गुणिले सहा? चोपन्न. हिरवी खूण.

मग थोडा वेळ काहीच हललं नाही.

अर्ध्याचं निम्मं? साहेबांनी लिहिलं, चारशे.

हत्ती पडला.

दहा भागिले दोन? नऊ हजार.

हत्ती पडला.

अर्ध्या तासानं हेडमिस्ट्रेसनी दार ठोठावलं. आतून आवाज आला, "ओंदु निमिषा, एकच मिनिट! तपासणी चालू आहे!"

जाताना साहेबांनी शेरा लिहिला: वर्ग बाईंकडेच ठेवावा. सॉफ्टवेअर पुन्हा तपासण्यासाठी मी स्वतः येईन.