ताईच्या बोटांवरचा कागद

काऊन हो संपादक, तोंड वाकडं करता? गौरवलेखात 'मी डॉक्टरांवर जळतो' असं लिहू नये म्हणता? मग दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं होतं. डॉक्टरांच्या साठीला कौतुक करणारे नांदुऱ्यात पुष्कळ आहेत. जळणारा मी एकटाच.

नानासाहेब डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमडापूरला, आमच्याच घरी. ताईला पाहायला पाहुणे आले, त्यांच्यासोबत ते आले होते. मुलाच्या आत्यानं रिवाजाप्रमाणे ताईचा हात उलटासुलटा केला अन् थबकली.

"नखं असे काऊन हो? बोटाले सोडून राह्यले!"

"शेणामातीतले हात, दुसरं काय," आई म्हणाली.

"महारोग त नाही ना?"

हा शब्द उंबऱ्याबाहेर गेला की ताईचं लग्न संपलं, विहिरीवर जाणंही संपलं.

डॉक्टर उठून ताईसमोर बसले. "पोरी, हात समोर धर. बोटं पसर." माझ्या खिशातून डोकावणारं कथेचं पान त्यांनी न विचारता उपसलं अन् तिच्या बोटांवर ठेवलं. पान थरथरायला लागलं. वारा नव्हता.

"रोग नखात नाही, गळ्यात आहे," ताईचा हात हातात घेत ते म्हणाले. "गळ्यातली गाठ बेसुमार काम करते. त्यानं हात कापतात, नख शेंड्याकडून सुटतं. इलाज आहे."

"दुसऱ्याले लागत त नाही?" आत्यानं विचारलं.

"तिचा हात माझ्या हातात आहे, बाई."

त्या पानावर मी ताईच्याच बोटांचं वर्णन केलं होतं. वाक्यं मोडून, विरामचिन्हं उडवून, कॉलेजातलं सगळं ओतून. डॉक्टरांनी ते वाचलंही नाही. घडी घालून परत दिलं. "कागद चांगला आहे तुमचा. हलका."

पाहुण्यांना त्यांनी इलाज होईपर्यंत लग्नासाठी थांबायला सांगितलं, मुलगा थांबला. आयोडीनचे थेंब झाले, मग नागपूरला गळ्याचं ऑपरेशन. त्यातून ती उठेल याची खात्री कोणालाच नव्हती. डॉक्टर आपला दवाखाना बंद ठेवून सोबत आले. ताई शुद्धीवर आली तेव्हा उशाशी मी होतो. तिनं डोळे उघडून विचारलं, "डॉक्टर कुठी हायेत?"

आता सांगा, जळू नको तर काय करू?

हळूहळू नखं बोटाला धरली, लग्न झालं. डॉक्टरांना उदंड आयुष्य मिळो, डोळे असेच तेज राहोत. मनापासून म्हणतो. ते समोर नसले तर मी कोणाशी झगडू?

वाद पुरे. ताई आजच्या गाडीनं माहेरी येऊन राह्यली. दरवेळी नांदुऱ्याच्या स्टेशनातून ती आधी त्यांच्या दवाखान्यात शिरते. आज डॉक्टरांच्या आधी, फलाटावरच तिचे हात मी पाहणार. गाडीनं शिटी दिली. निघालो.